वॉर्ड लढवणारे छोटे पक्ष: इंग्लंडमधील कौन्सिल निवडणुकांचा हिशेब

तुम्ही लिहिले आहे की इंग्लंडमध्ये सहा वर्षे राहिल्यावर तुम्हाला कायम वास्तव्याची परवानगी मिळाली आणि त्यानंतर महिन्याभरातच एका छोट्या समाजवादी गटाने व ग्रीन पार्टीच्या स्थानिक शाखेने, दोघांनीही, मे महिन्यातल्या कौन्सिल निवडणुकीला तुमच्या वॉर्डातून उभे राहाल का, अशी विचारणा केली. असे पक्ष खरोखर निवडून येतात का, आणि दोघेही मोठ्या पक्षांना विटलेल्या मतदारांकडेच मते मागत असताना एकाला नगरसेवक मिळतात व दुसऱ्याला शंभर मतांचीही मारामार होते ती का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मिडलंड्समधल्या एका मध्यम शहरात गेली एकोणीस वर्षे मी छोट्या पक्षांच्या उमेदवारांचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून काम करतो आहे. आधी डाव्या आघाडीसाठी केले, आता ग्रीनसाठी करतो. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि माझा कल कुणीकडे आहे तेही त्यातून लपणार नाही.

पात्रतेचा मुद्दा आधी संपवतो. भारतीय नागरिक हा राष्ट्रकुलाचा नागरिक असल्यामुळे साध्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसालाही इथे मतदान करता येते. आपल्या मंडळींपैकी कितीतरी जण हे ठाऊक नसल्यामुळे वर्षानुवर्षे मतदार यादीत नावच घालत नाहीत. इंग्लंडमध्ये उमेदवारी करायची तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी लागते, ती तुमच्याकडे आहे. ज्या कौन्सिलसाठी उभे राहायचे तिचेच कर्मचारी असाल तर उभे राहता येत नाही, एवढे तपासून घ्या. संसदेच्या निवडणुकीला ५०० पौंडांची अनामत भरावी लागते, कौन्सिलच्या निवडणुकीला अनामत नाही. अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोनच मतदारांच्या सह्या पुरतात. खर्चाची मर्यादा म्हणजे हजार पौंडांच्या आसपासची एक ठरावीक रक्कम आणि तिच्यावर दर मतदारामागे काही पेन्स. तेवढ्यात चार पत्रके छापून होतात आणि पैसे संपतात. पैशाच्या जोरावर वॉर्ड मारणे इथे मोठ्या पक्षालाही जमत नाही. इतके मोकळे मैदान आपल्याकडच्या महापालिकेत छोट्या पक्षाला मिळत नाही, हे खरे आहे.

पण याच मोकळिकीपायी छोटे पक्ष फसतात. उभे राहायला काहीच लागत नसल्यामुळे नुसते उभे राहणाऱ्यांची संख्या प्रचंड असते, आणि कार्यकर्ते त्यांना सरळ ‘कागदी उमेदवार’ म्हणतात. अर्ज भरला, मतपत्रिकेवर नाव आले, एकही दार ठोठावले नाही, असा हा उमेदवार. मोठे पक्षही आशा नसलेल्या वॉर्डात असे उमेदवार देतात, पण छोट्या डाव्या पक्षांनी तर हीच आपली मुख्य रीत करून ठेवली. २०१० साली स्थापन झालेली ट्रेड युनियनिस्ट अँड सोशॅलिस्ट कोअलिशन, म्हणजे टस्क, ही आघाडी घ्या. रेल्वे आणि जहाज कामगारांची आरएमटी ही लढाऊ संघटना तिच्या पाठीशी होती, त्या संघटनेचे सरचिटणीस बॉब क्रो हे आघाडीच्या संस्थापकांपैकी होते, आणि सरकारी खर्चातल्या कपातीच्या विरोधातला एवढा स्पष्ट आवाज तेव्हा दुसऱ्या कुणाचा नव्हता. २०१४ च्या स्थानिक निवडणुकीत त्यांनी पाचशेहून अधिक उमेदवार दिले. बहुतेक ठिकाणी दोन-तीन टक्के मते पडली. कार्यक्रम वाईट होता म्हणून असे झाले, असे मला वाटत नाही. मी स्वतः त्या कार्यक्रमाची पत्रके वाटली आहेत. आमच्या शहरात आम्ही त्या काळात अकरा वॉर्डांत अकरा उमेदवार दिले होते आणि पत्रके वाटणारी माणसे होती नऊ. त्यांपैकी दोघे गुडघ्यांनी अधू.

इथली मतदान पद्धत ज्याची मते सर्वाधिक तो विजयी अशी आहे. ती विखुरलेल्या मतांना काहीच देत नाही आणि एका जागी गोळा झालेल्या मतांना भरभरून देते. याचा सर्वांत कडू धडा ग्रीन पार्टीलाच १९८९ साली मिळाला. त्या वर्षीच्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनभर तिला सुमारे १५ टक्के, म्हणजे वीस लाखांहून अधिक मते मिळाली आणि जागा मिळाली शून्य. त्यानंतर पक्षात बरीच भांडणे झाली, पुष्कळ माणसे निघून गेली, आणि जी राहिली त्यांनी हळूहळू लिबरल डेमोक्रॅट पक्षाची वॉर्डवार बांधणीची पद्धत उचलली. पक्षात तिला ‘टार्गेट टू विन’ म्हणतात. सगळीकडे उभे राहा, पण काम एकाच वॉर्डात करा. तो जिंकला की शेजारच्या वॉर्डात सरका. ही पद्धत फार रूक्ष आहे. वैचारिक माणसाला तिचा कंटाळा येतो, आणि पहिली दोन वर्षे आपण पर्यावरणाचे राजकारण करतो आहोत की फुटपाथवरच्या फरश्यांचे, असा प्रश्न पडतो.

एका वॉर्डात म्हणजे नक्की काय करायचे, ते सांगतो. समजा वॉर्डात ९,००० मतदार आहेत. कौन्सिलच्या निवडणुकीला साधारण एक तृतीयांश लोक मतदान करतात, म्हणजे ३,००० च्या आसपास. चार-पाच उमेदवारांच्या लढतीत ११०० ते १२०० मतांना जागा निघते. ही १२०० माणसे कोण, हे तुम्हाला नावानिशी आणि दारानिशी ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी वर्षभर, निवडणूक असो वा नसो, दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक घरात एक पत्रक पडले पाहिजे, आणि त्यात जगाच्या तापमानाच्या आधी त्या गल्लीतला तुंबलेला नाला, बंद पडलेली बस आणि महिनाभर न उचललेला कचरा यायला हवा. पत्रके टाकणाऱ्यांच्या खिशात एक लाकडी उलथणे असते. आपण भाजी परतायला वापरतो तसलेच. इथल्या दारांना पत्रपेटीऐवजी एक अरुंद फट असते, तिला आतून ताठ केसांचा ब्रश असतो, आणि ब्रशामागे बऱ्याचदा कुत्रा. उलथण्याच्या टोकावर घडी घातलेले पत्रक ठेवून आत ढकलले की बोटे शाबूत राहतात. माझ्याकडचे उलथणे बारा वर्षांचे आहे आणि त्यावर दातांच्या तीन वेगवेगळ्या खुणा आहेत.

मग दारोदार फिरणे. मतदार यादी हातात, प्रत्येक नावापुढे खूण: आपला, कदाचित, मजूर पक्षाचा पण डळमळणारा, विरोधी, दार उघडले नाही. टपालाने मत देणाऱ्यांची यादी वेगळी ठेवावी लागते, कारण त्यांच्या मतपत्रिका मतदानाच्या दोन-तीन आठवडे आधीच घरी येतात आणि त्यांच्यातले मतदानाचे प्रमाण केंद्रावर जाणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त असते. शेवटच्या आठवड्यात जागा होणारा पक्ष या मतदारांपुरता आधीच हरलेला असतो. मतदानाच्या दिवशी सकाळपासून केंद्राबाहेर एक माणूस बसून येणाऱ्यांचे मतदार क्रमांक विचारून टिपून घेतो, आणि संध्याकाळी ज्या ‘आपल्या’ माणसांचे क्रमांक आलेले नाहीत त्यांच्या दारावर पुन्हा थाप पडते. हे सगळे इथले मोठे पक्षही करतात, पण ज्या वॉर्डात त्यांना तीस वर्षे कुणी आव्हानच दिलेले नसते तिथे ते करायचे विसरून गेलेले असतात. छोट्या पक्षाने शोधायचा तो असाच झोपलेला वॉर्ड.

बहुसदस्यीय वॉर्डाची एक खुबी इथे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातल्या प्रभाग पद्धतीत अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी मतदार वेगळे मत देतो, त्यामुळे पॅनेल उभे केल्याशिवाय टिकाव लागणे कठीण. इंग्लंडमध्ये तीन जागांच्या वॉर्डात तिन्ही जागा एकाच वेळी निवडायच्या असतील तर सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार आडनावाच्या अक्षरक्रमाने एकाच मतपत्रिकेवर येतात आणि मतदार कोणत्याही तिघांपुढे फुली मारतो. मजूर पक्षाचा जुना मतदार दोन फुल्या आपल्या पक्षाला देतो आणि तिसरी, थोडीशी नाराजी म्हणून, ग्रीनला. या उरलेल्या मतांवर पहिला नगरसेवक निवडून येतो. मतमोजणीच्या रात्री हे डोळ्यांनी दिसते. एकाच पक्षाच्या तिन्ही फुल्या असलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे भराभर बांधले जातात, आणि मिश्र मतपत्रिका बाजूला काढून लांब कागदांवर एकीखाली एक सरकवून मोजल्या जातात. त्या कागदांना झालर सुटल्यासारखी दिसते म्हणून मोजणीवाले त्यांना ‘ग्रास स्कर्ट’ म्हणतात. छोट्या पक्षाच्या प्रतिनिधीने उभे राहायचे ते या टेबलापाशी. ज्या वॉर्डात झालरीचे कागद वाढलेले दिसले, तो वॉर्ड पुढच्या खेपेला हातात येण्याजोगा असतो. अक्षरक्रमाचाही फायदा होतो: आडनाव वरच्या अक्षराचे असले तर काही मते जास्त पडतात, हे इथे पुन्हा पुन्हा दिसून आलेले आहे.

ही पद्धत कुठवर नेते याचे जुने उदाहरण ब्रायटन. तिथे १९९६ साली पहिला ग्रीन नगरसेवक आला, त्याच भागातून २०१० साली कॅरोलिन लुकस संसदेत गेल्या, आणि २०११ साली ५४ पैकी २३ जागा जिंकून ग्रीन पार्टीने अल्पमतातली का होईना, देशातली पहिली सत्ता मिळवली. अलीकडचे उदाहरण ब्रिस्टलचे: २०२१ मध्ये मजूर पक्षाशी बरोबरी, प्रत्येकी २४, २०२४ मध्ये ७० पैकी ३४. सफोक परगण्यातल्या मिड सफोकमध्ये, म्हणजे शेते आणि चर्चचे मनोरे असलेल्या हुजूर पक्षाच्या जुन्या बालेकिल्ल्यात, २०२३ साली ३४ पैकी २४ जागा घेऊन त्यांनी पहिल्यांदा निखळ बहुमत मिळवले. त्या वर्षी देशभरात त्यांचे ४८१ उमेदवार निवडून आले. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्रीनने ज्या चार जागा जिंकल्या (ब्रायटन पॅव्हिलियन, ब्रिस्टल सेंट्रल, वेव्हनी व्हॅली आणि नॉर्थ हेरफर्डशायर) त्या चारही ठिकाणी आधी वर्षानुवर्षे नगरसेवकांची फळी उभी होती. नॉर्थ हेरफर्डशायरच्या खासदार एली चाउन्स २०१७ साली एका पोटनिवडणुकीतून कौन्सिलवर गेल्या होत्या.

शेफील्डची हकिकत मला यांतली सर्वांत बोलकी वाटते. तिथल्या मजूर पक्षाच्या कौन्सिलने रस्त्यांच्या देखभालीचे पंचवीस वर्षांचे कंत्राट एका खाजगी कंपनीला दिले, आणि त्या कामात रस्त्याकडेची हजारो झाडे, त्यांतली कित्येक धडधाकट, तोडली जाऊ लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाचच्या सुमारास पोलिस बंदोबस्तात झाडे पाडायला सुरुवात झाली, लोकांना झोपेतून उठवून गाड्या हलवायला लावल्या, आणि आड आलेल्या सत्तरी ओलांडलेल्या दोन महिलांना अटक झाली. ग्रीन नगरसेविका ॲलिसन टील यांच्यावर पुढच्या वर्षी त्यांच्याच कौन्सिलने न्यायालयाच्या अवमानाचा खटला भरला. त्यातून त्या निर्दोष सुटल्या. २०२१ साली मजूर पक्षाने तिथले बहुमत गमावले, ग्रीनचे १३ नगरसेवक झाले, आणि त्याच दिवशीच्या सार्वमतात शहराने एकतंत्री नेतृत्वाऐवजी समित्यांचा कारभार निवडला. २०२३ साली सर मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालाने कौन्सिलने न्यायालयाची दिशाभूल केल्याचे नोंदवले. झाडांच्या प्रश्नावर मते मिळाली, हे खरे. पण मला त्यात जास्त दिसते ती गोष्ट अशी की झाडे पडू लागली तेव्हा ग्रीनचे काही नगरसेवक आणि त्यांच्या याद्या तिथे आधीपासून होत्या. आंदोलन आले आणि ओसरले तरी नावे यादीत राहिली.

आता डाव्यांकडे. समाजवादी या देशात वॉर्ड जिंकूच शकत नाहीत, असे म्हणणारे ग्रीनमधले लोक इतिहास वाचत नाहीत. १९३७ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, स्टेपनी कौन्सिलवर, कम्युनिस्ट पक्षाचे फिल पिराटिन निवडून आले, आणि १९४५ साली ते माइल एंडमधून थेट संसदेत गेले. त्यांच्या पक्षाने तिथे भाडेकरूंची संघटना बांधली होती, घरमालकांविरुद्ध भाडेबंदीचे लढे दिले होते. पिराटिन सांगत असत त्याप्रमाणे, घराबाहेर काढले जाणारे एक कुटुंब मोस्लीच्या फासिस्ट पक्षाचे सभासद होते तरी कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी जिन्यात अडथळे रचून त्यांचे घर वाचवले. कॉव्हेंट्रीत मजूर पक्षातून काढून टाकलेले माजी खासदार डेव्ह नेलिस्ट हे सेंट मायकल्स वॉर्डातून १९९८ ते २०१२ समाजवादी म्हणून नगरसेवक राहिले, आणि काही काळ त्यांच्याबरोबर त्याच पक्षाचे आणखी दोघे होते. साउदॅम्प्टनच्या कॉक्सफर्ड वॉर्डात २०१२ साली मजूर पक्षाच्या दोन नगरसेवकांनी, कीथ मॉरेल आणि डॉन टॉमस यांनी, ओकलंड्स जलतरण तलाव बंद करण्याच्या स्वतःच्याच पक्षाच्या निर्णयाविरुद्ध मत दिले व पक्ष सोडला. २०१४ साली मॉरेल पक्षाविना पुन्हा निवडून आले आणि पुढच्या दोन वर्षांत वॉर्डातल्या उरलेल्या दोन्ही जागाही त्यांच्याच गटाला मिळाल्या. ग्लासगोत तर टॉमी शेरिडन १९९२ साली पोल टॅक्स या माणशी आकारलेल्या कराविरोधी लढ्यातल्या शिक्षेमुळे तुरुंगात असताना, तुरुंगातूनच, नगरसेवक म्हणून निवडून आले.

म्हणजे डाव्या विचाराला मते मिळत नाहीत, हे खरे नाही. जिथे लोकांनी त्यांना पायऱ्यांवर, भाड्याच्या भांडणात, तलावाच्या दारात पाहिले तिथे ती मिळाली. माझ्या मते कमी पडते ते दुसरेच. या जागा माणसाच्या असतात. माणूस थकला, हरला वा भांडला की जागा जाते, आणि मागे यादी उरत नाही. नेलिस्ट २०१२ साली थोडक्या मतांनी हरले आणि शहरातले ते दालन बंद झाले. रिस्पेक्ट पक्षाचे त्याहून वाईट झाले. इराक युद्धाच्या संतापावर २००६ साली लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये त्याचे बारा नगरसेवक आले. चार वर्षांनी एक उरला. २०१२ मध्ये ब्रॅडफर्डला पाच आले, आणि वर्ष-सव्वा वर्षात ते पाचही पक्ष सोडून गेले. एका मोठ्या लाटेवर आणि एका मोठ्या नेत्यावर आलेले लोक पत्रके टाकत आलेले नसतात, त्यामुळे नेत्याशी बिनसले की त्यांना धरून ठेवणारे काही नसते. मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला १९२० च्या दशकात लंडनमधल्या नॉर्थ बॅटरसीतून खासदार झाले, कम्युनिस्ट असूनही झाले, ते तिथल्या मजूर पक्षाच्या शाखेच्या पाठबळावर. ते पाठबळ गेल्यावर १९२९ साली ते हरले. शंभर वर्षांत या गणितात फारसा फरक पडलेला नाही.

मतदान पद्धत बदलली तर सगळे सुटेल, असेही काही जण म्हणतात. स्कॉटलंडमध्ये कौन्सिलसाठी २००७ पासून पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत आली, आणि तिथल्या ग्रीनचे नगरसेवक त्या वर्षी ८, मग १४, मग १९ आणि २०२२ मध्ये ३५ झाले. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते त्यांच्याकडे वळतात, आणि ‘मत फुकट जाईल’ ही भीती उरत नाही. पण त्याच पद्धतीत, २००७ सालीच, नुकतीच फूट पडलेल्या स्कॉटिश समाजवाद्यांच्या दोन्ही तुकड्यांच्या हाती प्रत्येकी जेमतेम एक जागा लागली.

निवडून आल्यानंतरचे कुणी सांगत नाही, ते थोडे सांगतो, कारण उभे राहण्याआधी हे माहीत असावे. एकटा नगरसेवक ठराव मांडू शकतो, पण त्याला अनुमोदन द्यायला कुणी नसले तर ठराव तिथेच पडतो. नियमाप्रमाणे दोन नगरसेवक असले की गट होतो आणि समित्यांमधल्या जागा गटांच्या प्रमाणात मिळतात. म्हणून दुसरी जागा ही पहिलीपेक्षा दुप्पट किमतीची. कौन्सिलला अंदाजपत्रक कायद्यानेच जुळवावे लागते. समाजवादी गट तुम्हाला ‘कपात नाही’ असे अंदाजपत्रक मांडण्याविषयी बोलतील. लिव्हरपूलच्या ४७ नगरसेवकांनी १९८० च्या दशकात तसा लढा दिला, त्यांना वैयक्तिक दंड झाला आणि पदे गेली. तो दंड आता कायद्यात राहिलेला नाही, पण न जुळणारे अंदाजपत्रक आजही टिकत नाही. अधिकारीच हस्तक्षेप करतात. आणि कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, ठरावीक टक्क्यांपेक्षा वाढवायचा तर सार्वमत घ्यावे लागते.

ब्रायटनमध्ये ग्रीन याच कचाट्यात सापडले. २०१३ साली कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या भत्त्यांची फेररचना झाली, संप झाला, उन्हाळ्यात समुद्रकाठच्या शहरात कचऱ्याचे ढीग लागले, आणि पक्षाच्या स्वतःच्या खासदार लुकस संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी ४.७५ टक्के करवाढीसाठी सार्वमत घेण्याचा ग्रीनचा प्रस्ताव इतर पक्षांनी हाणून पाडला. २०१५ मध्ये २३ चे ११ झाले. २०१९ ला १९ वर आले, २०२० साली पुन्हा सत्ता हाती आली, २०२१ मध्ये पुन्हा कचऱ्याचा संप झाला, आणि २०२३ मध्ये ७ उरले, मजूर पक्षाचे ३८. हवामान बदलावर निवडून आलेल्या पक्षाला शेवटी कचऱ्याची गाडी कधी येणार, यावरच तोलले जाते. मला यात अन्याय वाटत नाही. नगरपालिकेचे कामच ते आहे.

आता तुमच्या वॉर्डाविषयी. समाजवादी गटाला विचारा की गेल्या बारा महिन्यांत त्यांनी तुमच्या वॉर्डात किती वेळा पत्रके टाकली आणि त्यांच्याकडे मतदारांच्या खुणांची यादी आहे का. ग्रीनच्या शाखेलाही नेमके हेच विचारा, कारण त्यांचेही बहुसंख्य उमेदवार कागदीच असतात, आणि लक्ष्याचा वॉर्ड शहरात एखादाच असतो; तो तुमचा आहे की नाही, हे ते पहिल्या भेटीत सांगणार नाहीत. तुमचा वॉर्ड लक्ष्याचा नसेल आणि तरीही पक्षाला मदत करायची असेल तर कागदी उमेदवारी घ्यायला हरकत नाही, पण मे महिन्यात तुमचे पाय त्यांच्या लक्ष्याच्या वॉर्डात चालले पाहिजेत; स्वतःच्या वॉर्डात शंभर मते मिळवायला रात्री जागवू नका. समाजवादी गट तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या खऱ्या भांडणात, एखाद्या बंद होणाऱ्या ग्रंथालयात किंवा भाडेकरूंच्या वादात आधीच उतरलेला असेल, तर मी म्हणेन, पक्षाचे नाव बाजूला ठेवा आणि त्यांच्याबरोबर जा. तसे नसेल तर अजून दोन वर्षे थांबून ते काम उभे करा. पोटनिवडणूक मध्येच कधीही लागू शकते, आणि कमी मतदानाची पोटनिवडणूक ही तयारी असलेल्या छोट्या पक्षासाठी सर्वांत चांगली संधी असते.

दोघांपैकी कुणाचीही उमेदवारी घेतलीत तर अर्ज भरताना एक काळजी घ्या. अर्ज मतदानाच्या आधीच्या एकोणिसाव्या कामकाजाच्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत पोचावा लागतो, आणि अर्जावर लिहिलेले पक्षाचे नाव वा वर्णन पक्षाने दिलेल्या अधिकारपत्रातल्या शब्दांशी अक्षर न अक्षर जुळावे लागते. माझ्या तिसऱ्या निवडणुकीत मी एका उमेदवाराच्या अर्जावर अधिकारपत्रात नसलेला एक शब्द लिहिला, अर्ज शेवटच्या दिवशी पावणेचारला दिला, आणि दुरुस्तीला वेळच उरला नाही. ज्या वॉर्डात आम्ही तीन वर्षे पत्रके टाकली होती, त्या वॉर्डाच्या मतपत्रिकेवर आमचे नावच नव्हते. तेव्हापासून मी अर्ज आठवडाभर आधी नेतो आणि तिथल्या अधिकाऱ्याकडून समोर बसून तपासून घेतो.